नाकाला कडी

केतकीचा फोन आला तेव्हा मल्लिकार्जुन शेटे चंदनाच्या भुशात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. लेकीचा फोन असला की ते हात धुवायला उठत नसत. तसंच कोपराने स्पीकर लावत.

"आप्पा, बसलाय ना?"

"बसलोच आहे. काय झालं?"

"तिसरा महिना संपला. डॉक्टर म्हणाल्या, आता घरी सांगायला हरकत नाही."

यापूर्वी दोनदा तिने दिवस राहिल्याचं कळवलं होतं, पण दोन्ही वेळा तिसरा महिना संपायच्या आतच गर्भ पडल्याचा दुसरा फोन आला होता.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय की. रडतोय, म्हणून आवाज येत नाही."

पलीकडे ती हसली.

"उद्याच निघतो," आप्पा म्हणाले. "सकाळची गाडी धरतो."

"नाही आप्पा. तेच सांगायला फोन केलाय. तुम्ही यायचं नाही."

मिरजेत शेटे यांच्या मसाला उदबत्तीला नाव होतं, आणि ते नाव आप्पांच्या नाकाने मिळवलेलं होतं. वाळा, नागरमोथा, जटामांसी, राळ, ऊद हे सगळं यंत्राने कुटता येतं, पण कशात काय किती पडायचं, हे दर खेपेला वेगळं असतं. यंदाचं चंदन गेल्या सालच्या चंदनासारखं नसतं. आप्पा प्रत्येक घाणीतली, म्हणजे एका खेपेला कुटलेल्या मिश्रणातली, चिमूटभर पूड तळहातावर घेऊन डोळे मिटायचे आणि मग सांगायचे, थोडा दवणा घाला. केतकीची आई गेली तेव्हा केतकी सातवीत होती. त्यानंतर त्यांनी एकट्याने पोरगी वाढवली आणि याच कारखान्याच्या कोपऱ्यात तिचा अभ्यास घेतला. गंमत म्हणजे या मुलीला नाक असं नव्हतंच. "हिला कापूर आणि कांदा सारखाच," असं आप्पा कौतुकाने सांगायचे. ती पुण्याला गेली आणि पेशीच्या पटलांवर संशोधन करू लागली. पटल म्हणजे प्रत्येक पेशीभोवती असलेला तेलकट पापुद्रा, एवढं आप्पांना माहीत होतं. त्याच्यापायी मुलगी दिवाळीलासुद्धा उशिरा घरी येते, हेही माहीत होतं.

आणि मग पिसताप आला. पक्ष्यांमधून माणसांत आलेला इन्फ्लुएन्झा तो, म्हणून लोकांनीच त्याला हे नाव दिलं. लस तयार होईपर्यंत विषाणू आपलं रूप बदलायचा आणि नवी लस करावी तर पुन्हा बदलायचा. दोन हिवाळे असे गेले. सर्वांत जास्त बळी गेले ते गरोदर बायकांचे.

केतकीच्या प्रयोगशाळेने शोधलेलं औषध याच काळात बाहेर आलं. ती मिरजेला आली होती तेव्हा आप्पांना समजावून सांगायला तिने ताटात पाणी घेतलं होतं आणि त्यावर तेलाचे दोन थेंब सोडले होते.

"हा थेंब म्हणजे विषाणू आणि हा म्हणजे आपली पेशी. दोघांभोवती एकाच जातीचा तेलकट पापुद्रा. विषाणूचा पापुद्रा तर आपलाच असतो, आधीच्या पेशीतून बाहेर पडताना तो पांघरून आलेला. त्याच्यावर प्रथिनांचे खिळे असतात. खिळ्याचं टोक आपल्या पेशीवरच्या एका साखरेला चिकटतं, आणि पेशीला वाटतं काहीतरी खायचं आलंय. ती त्याला पिशवीत घालून आत ओढते. मग ती पिशवी आंबट व्हायला लागते."

"दह्यासारखी?"

"तशीच. त्या आंबटपणाने खिळ्याची कळ दाबली जाते. छत्री कशी फटकन उघडते, तसा तो उघडतो. आत दडवलेलं टोक पिशवीच्या पापुद्र्यात घुसतं, मग खिळा मधोमध वाकतो आणि दोन्ही पापुद्रे एकमेकांकडे ओढतो. ते असे..." तिने बोटाने दोन थेंब जवळ आणले. ते क्षणभर एकमेकांना टेकून राहिले आणि मग झालाच एक थेंब. "झालं. दार उघडलं. विषाणूचं सगळं बाड आत."

"मग तुम्ही काय केलंत?"

"विषाणू खिळे बदलू शकतो, म्हणून त्यांच्या मागे लागणं सोडलं. पापुद्रा आपला आहे, तो त्याला बदलता येत नाही. आम्ही पाचरीच्या आकाराचे रेणू केले. ते पापुद्र्यात जाऊन बसतात आणि तो ताठ होतो. थेंब टेकतात, ओढले जातात, पण एक होत नाहीत. आंबट पिशवीत विषाणू तसाच जिरून जातो."

औषध नाकात फवारायचं होतं. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलं होतं, लोक त्याला 'कडी' म्हणू लागले. सकाळी एकमेकांना विचारू लागले, कडी लावली का?

कडीची एक किंमत होती. वासाच्या पेशी नाकात उघड्यावर असतात, आणि वासाची बातमी मेंदूला कळवायची तर त्यांनाही आपल्या आतल्या इवल्या पिशव्या पापुद्र्याशी एकरूप करून रिकाम्या कराव्या लागतात. पापुद्रा ताठ झाला की बातमी आतच राहते. कडी लावणाऱ्याला वास येत नसे. सोडली की महिन्याभरात यायचा. मात्र साठीच्या पुढच्या माणसांत, फार दिवस लावली तर, रिकाम्या बसलेल्या त्या पेशी वाळून जात आणि नव्या उगवत नसत. सगळ्यांचंच असं होई असं नाही, पण बऱ्याच जणांचं झालं होतं.

आप्पा बासष्ट वर्षांचे होते. मिरजेत कडी न लावणारे ते जवळजवळ एकटेच होते. कारखान्यातच राहायचे, बाहेर जाताना तोंडाला मुसकं बांधायचे.

"तू तुझंच औषध घे की," त्या फोनवर ते म्हणाले. "मग कोणी आलं काय आणि गेलं काय."

"मला चालत नाही आप्पा. गरोदरपणात कोणालाच चालत नाही. प्राण्यांवरच्या चाचणीत हे पहिल्यांदा दिसलं ते मलाच." ती थांबली. "बाळाची वार असते ना, तिचा बाहेरचा थर लाखो पेशी एकमेकींत मिसळून होतो. कुठे शिवण नाही असं एकच अखंड वस्त्र. आणि पेशींना असं मिसळायला लावणारं प्रथिन आपल्याला कुठून मिळालं, माहितेय? कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना झालेल्या एका विषाणूकडून. त्याचा खिळाच तो. पिसतापाच्या खिळ्यासारखाच चालतो. ताठ पापुद्रा एकाला अडवतो तसाच दुसऱ्यालाही अडवतो. औषधाचा अंश रक्तात उतरतो आणि वार विरविरीत होते."

आप्पांनी भुशातला हात बाहेर काढला आणि झटकला.

"म्हणजे ज्या दाराने मरण येतं, त्याच दाराने..."

"हो. म्हणून मी उघडी आणि भोवतालचे सगळे कडी लावलेले, असं करायचं असतं. याला कुंपण म्हणतात. आमच्या सोसायटीतल्या सगळ्या बिऱ्हाडांनी माझ्यासाठी कडी लावलीय. ज्याची कडी नाही त्याला फाटकातून आत सोडत नाहीत. आणि तुम्ही ती लावायची नाही. मला बाळ हवंय आप्पा, पण तुमच्या नाकाच्या बदल्यात नको."

तिने बाई ठेवली होती, जवळच राहणारी डॉक्टर ओळखीची होती, नवरा सौमित्र होता. आप्पांनी मान्य केलं. मान्य करण्यासारखंच होतं.

पाचव्या महिन्यात सौमित्रचा फोन आला. तो सरकारी पशुवैद्य होता आणि खानदेशातल्या कुक्कुटपालनाच्या पट्ट्यात त्याची नेमणूक झाली होती. दिवसभर कोंबड्या मारायच्या आणि पुरायच्या, हे काम. पक्ष्यांत वावरणाऱ्याला कडी लावूनही कुंपणात प्रवेश नव्हता, कारण विषाणू कपड्यांवरून येई.

"आप्पा, ती तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी सांगतोय," तो म्हणाला. "बाई घरी आजारपण आलं म्हणून निघून गेली. दुसरी मिळत नाही. केतकी एकटी आहे. परवा न्हाणीघरात चक्कर येऊन बसली. मला फोनवर हसत सांगत होती."

"तुम्ही जेवलात का, सौमित्रराव?"

तो जरा गोंधळला. "जेवण जात नाही हल्ली."

"जेवा. मी जातो तिच्याकडे."

कारखान्यात शांताक्का पंचवीस-तीस वर्षं काड्या वळत होत्या. आप्पांनी औषधाची बाटली आणवली, तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"आप्पा, नाक गेलं तर?"

"तर चारकोलच्या काड्या करू, तयार अत्तरात बुडवलेल्या. लोक त्याही लावतात देवापुढं."

त्या दिवशी त्यांनी दुसरं काही केलं नाही. दुपारभर एकेक बरणी उघडली, वास घेतला, झाकण लावलं. वाळ्याच्या बरणीपाशी जास्त वेळ बसले. मग बाटली नाकाशी धरून कडी लावली आणि शांताक्कांना म्हणाले, "पुदिन्यासारखं गार लागतं, एवढंच."

पुण्यात सोसायटीच्या फाटकापाशी फरीदा नावाची नर्स बसलेली असे. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या नाकाशी ती कागदाची पट्टी धरी आणि विचारी, कशाचा वास? ज्याला वास येत नाही, त्याची कडी लागली.

आप्पांनी मिरजेहून निघण्याआधी आठवडाभर कडी लावली होती. एवढ्यात कोणाचंही नाक बंद होतं.

"काका, कशाचा वास?"

"लवंग," आप्पा म्हणाले. "जुनी आहे. अर्धं तेल उडालंय."

फरीदाने चमकून पट्टी उलटून पाहिली. "असं आजवर कोणी सांगितलं नाही. तुम्हाला आत नाही सोडता येणार."

फाटकालगत पाहुण्यांसाठी खोली होती. आप्पा तिथे राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत केतकी येऊन उभी राहिली. तिला पाहून त्यांना दोन गोष्टी एकदम कळल्या. तिचं पोट दिसत होतं, आणि बाकी सगळी ती वाळली होती.

"परत जा," ती फोनवर म्हणाली. वरून तिचे ओठ हलताना दिसत होते आणि आवाज कानाशी येत होता. "अजून सगळं परत येईल. आज सोडलीत तर महिन्याभरात पूर्वीसारखं होईल."

"काय खाल्लंस?"

"आप्पा, मी काय सांगतेय?"

"ऐकलं. काय खाल्लंस?"

तिने तोंड फिरवलं, म्हणजे खाल्लं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पट्टीवर वेलदोडा होता. नंतर संत्र्याची साल, अगदी पुसट, पण होती. फरीदाला एव्हाना या म्हाताऱ्याची काळजी वाटू लागली होती. त्या संध्याकाळी केतकीच्या पोटात कळा आल्या. डॉक्टर वर जाऊन आली. दगदगीने झालंय म्हणाली, आराम हवा, कोणीतरी जवळ हवं. आप्पा तडक फाटकाशी गेले.

"कशाचा वास, काका?" फरीदाने विचारलं. तिला वरचं सगळं ठाऊक होतं. तिने पट्टी जरा लांबच धरली होती.

वास होता. नसल्यासारखा, पण होता. नाही म्हटलं असतं तर ती मान हलवून बाजूला झाली असती, दोघांनाही ते माहीत होतं.

"लवंग," आप्पा म्हणाले आणि खोलीकडे परत वळले.

रोज ते त्याच खोलीतून लेकीशी बोलत राहिले, तिला जेवायला लावत राहिले. फरीदा डबा वर पोचवायची. मग एका सकाळी पट्टी नाकाशी आली आणि आप्पा थांबले. त्यांनी डोळे मिटले, लांब श्वास घेतला, पुन्हा घेतला.

"काय आहे?"

"नुसता कागद आहे, वास नाही," ते म्हणाले.

फरीदाने त्यांची पिशवी उचलली आणि स्वतः लिफ्टपर्यंत नेऊन दिली.

बाळंतपण आईने करायचं असतं. आप्पांना ते करायचं होतं आणि त्यांचं मुख्य हत्यार गेलं होतं. पहिल्याच दिवशी फोडणी जळाली, आणि ती जळालेली त्यांना डोळ्यांना झोंबल्यावर कळली. कढी उतू गेली. शेजारच्या देवस्थळीबाईंनी येऊन सांगितलं, "आमच्याकडे दोनदा असंच झालं. आता आम्ही गॅससमोर खुर्ची टाकून बसतो." देवस्थळीबाईंच्या सुनेच्या वेळी दुसऱ्या एका सोसायटीने कुंपण केलं होतं. त्याची फेड म्हणून त्या इथे नाक बंद करून राहत होत्या, असं त्यांनी सहज, भाजी निवडता निवडता सांगितलं.

केतकीचं उलटच झालं होतं. गरोदरपणाने तिचं नाक जागं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला वास छळत होते.

"आप्पा, डाळीला काहीतरी येतंय."

"काय येतंय? नीट सांग."

"घाण."

"घाण हा वास नाही. कडवट आहे, धुरकट आहे, की आंबूस?"

ती डोळे मिटून विचार करी. "धुरकट. नाही, लोखंडासारखा. ओल्या तव्याचा."

"हिंग जास्त तापला," आप्पा समाधानाने म्हणत. असं रोज चाललं. तिच्याकडे शब्द नव्हते, आणि ते तिला शब्द पुरवत होते. कारखान्याच्या कोपऱ्यात तिला पाढे शिकवायचे, अगदी तसेच. एकदा ती म्हणाली, "तुम्ही मला हे लहानपणी का नाही शिकवलंत?" तेव्हा ते म्हणाले, "तुला येत नाही हेच मला आवडायचं. सगळे माझ्याकडे नाकासाठी यायचे. तू नुसती यायचीस."

तिच्या अंगावर मांस चढलं. सौमित्र रोज फोन करायचा. आप्पा आधी त्याला जेवलात का विचारायचे आणि मगच फोन केतकीकडे द्यायचे.

आठव्या महिन्यातल्या एका दुपारी केतकी जमिनीवर पाय पसरून बसली होती आणि आप्पा मागे खुर्चीत बसून तिच्या केसांना तेल लावत होते. ती लहान असताना लावायचे तसंच, आधी टाळूवर, मग बोटांनी बटा सोडवत. तिला पेंग येत होती. खाली वाकून त्यांनी कानामागची बट उचलली आणि त्यांना माक्याचा वास आला.

तेलात माका होता. हिरवा, किंचित चिखलट, तिळाच्या तेलात उकळलेला. आणि त्यामागे केतकीच्या केसांचा स्वतःचा वास, तिच्या आईच्या केसांना यायचा तोच. इतक्या दिवसांनी आलेला वास त्यांच्या डोक्यात दिव्यासारखा लागला. आप्पांनी आणखी एक श्वास घेतला.

तो श्वास पुरा व्हायच्या आत त्यांना कळलं. वास आला म्हणजे कडी निघाली होती.

ते उठले. तिच्याकडे तोंड न करता, श्वास धरून, दारापर्यंत गेले. चपला न घालता बाहेर पडले आणि दार ओढून घेतलं.

"आप्पा?" आतून आवाज आला. "अर्धंच डोकं झालंय."

"दाराशी येऊ नकोस," ते बाहेरून म्हणाले. "मला तुझ्या तेलाचा वास आला."

मग फोन वाजला. ती दाराच्या पलीकडेच बसली असावी, कारण तिचा आवाज दोन्हीकडून येत होता.

"आज सकाळी फवारली होती ना?"

"रोजच्यासारखी."

"काही जणांत असं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज प्रयोगशाळेतला झाला होता, सरळ आणि सपाट. "नाकाचं अस्तर भराभर नवं येत राहतं, आणि औषध त्याबरोबर निघून जातं. तुमचं नाक तसलंच असणार. इतकी वर्षं राबलेलं. आप्पा, खालच्या खोलीत जा. ताप आला तर लगेच सांगा."

"दुप्पट मात्रा असते ना? फरीदा म्हणाली होती."

"असते. तुम्ही घ्यायची नाही."

"घेतली तर कडी लागेल?"

"लागेल. पण मग ती काढता येईल असं नाही. तुमच्या वयाला जवळजवळ नाहीच. आप्पा, तुमच्या पेशी जिवंत आहेत, आज कळलं ना? औषध इथेच थांबवा. मिरजेला जा. पाच-सहा आठवड्यांचा प्रश्न आहे, मी करीन. देवस्थळीबाई आहेत."

आप्पा जिन्याच्या पायरीवर बसले. तेलाचे हात त्यांनी गुडघ्यांवर उताणे ठेवले होते आणि त्यांचा वास अजून येत होता. त्यांना तो हवा होता. हे त्यांनी स्वतःपासून लपवलं नाही. मिरजेच्या बरण्या हव्या होत्या, वाळा हवा होता, तळहातावरची पूड हवी होती. या सगळ्यासकट ते तिथे बसले आणि मग त्यांना आत ती रडू दाबतेय हे ऐकू आलं.

"केतू," ते म्हणाले, "तुझी आई गेली, तेव्हा मी कारखान्यात होतो. पाच मिनिटांत येतो म्हटलं होतं. काय चूक नव्हती माझी, कोणाला माहीत होतं. पण मी नव्हतो. आता माहीत असून जाऊ?"

"ते वेगळं होतं."

"असेल. मला तुझ्यासारखं वेगवेगळं करून बघता येत नाही."

त्यांनी हात धुतले आणि खाली जाऊन फरीदाकडून दुप्पट मात्रेची बाटली घेतली. केतकी दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गॅलरीत आली आणि म्हणाली, "डाळ केलीय. वास चांगला येतोय. जिऱ्याचा. तुम्ही नसलात तर सांगायचं कोणाला?" आणि मग दोघंही जरा हसले.

सगळे तापाची वाट पाहत राहिले. तिला आला नाही, त्यांनाही आला नाही. आठवडा उलटल्यावर फरीदाने पट्टी धरली आणि आप्पा नुसती मान हलवून वर गेले.

केतकीला मुलगी झाली. थोडे दिवस आधीच झाली, पण बाळ ठणठणीत होतं, आणि डॉक्टर वार उचलून पाहून म्हणाल्या, छान आहे, कुठे विरविरीत नाही. सौमित्रला रजा मिळाली. तो काचेच्या पलीकडे उभा राहिला आणि त्याने मुलीला पाहिलं. मग काचेवर कपाळ टेकवून तसाच राहिला. आप्पांनी बाळ काचेशी नेऊन त्याच्या कपाळासमोर धरलं.

नर्सने बाळ हातात दिलं, तेव्हा आप्पांनी सवयीने मान खाली घातली होती. काही आलं नाही. केतकीने ते पाहिलं.

"सांगू का कसा येतो?" तिने हळूच विचारलं.

"नको," ते म्हणाले. "मी स्वतः बघेन. घाई काय आहे."

उन्हाळा सरता सरता पिसताप ओसरला. विषाणूला शिरायला दार मिळेना आणि तो आपोआप विझत गेला. कडी सोडायला हरकत नाही असं जाहीर झालं, आणि तीन-चार आठवड्यांनी सोसायटीत एकेक नाक उघडू लागलं. देवस्थळीबाई सकाळी जिन्यात उभ्या राहून दर मजल्याचा वास घेत होत्या. कोणीतरी लसूण परतला, आणि तीन बिऱ्हाडं त्या घराच्या दारात जमली. कचऱ्याच्या डब्याला वास येतो म्हणून तक्रार करायला एक आजोबा अत्यंत आनंदाने खाली उतरले.

आप्पा सर्वांचं ऐकत होते. रोज सकाळी ते लवंग चुरडून नाकाशी धरत, मग बाळाला अंघोळ घालत. श्रावणात नाकाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि तपासण्या केल्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, हे आता परत येणार नाही.

घरी येताना रिक्षात केतकी खिडकीबाहेर पाहत होती. "माझ्या औषधाने गेलं," ती म्हणाली.

"तुझ्या औषधानं मी आत येऊ शकलो," आप्पा म्हणाले. "नाहीतर खालीच बसलो असतो, नाक घेऊन."

दिवाळीच्या आधी ती मुलीला घेऊन मिरजेला आली. शांताक्कांनी बाळाची दृष्ट काढली. कारखान्यात काम चालू होतं. शांताक्का आणि दोन मुली घाणी करत होत्या, वास घेत होत्या, एकमेकींत वाद घालत होत्या, आणि आप्पा त्यांना प्रश्न विचारून विचारून मिश्रण जुळवत होते. माल पूर्वीसारखा नव्हता. वाईट नव्हता.

दुपारी बायका जेवायला गेल्या. बाळ केतकीच्या मांडीवर झोपलं होतं. आप्पा समोर येऊन बसले, हात धुतलेले.

"केतू, आता सांग," ते म्हणाले. "कसा येतो हिचा वास?"

तिने मान खाली घातली आणि बाळाच्या टाळूला नाक लावलं. डोळे मिटले. घाई केली नाही.

"वर दूध आहे. तापवलेलं नाही, निरसं. मग सुती कापड. उन्हात वाळवून घडी घातलेलं, घडी उघडताना येतो तसा."

"हं. गोड?"

"किंचित. कच्च्या बदामासारखा. साल काढलेला."

"आणि शेवटी? जाता जाता काय उरतं?"

तिने पुन्हा श्वास घेतला, मग आणखी एक. आप्पांचे डोळे मिटलेले होते आणि तळहात नकळत उताणा झाला होता, पूड घ्यायला व्हायचा तसा.

"शेवटी काही नाही आप्पा," ती म्हणाली. "शेवटी नुसती ही आहे."

आप्पांनी मान हलवली आणि हळूच लांब श्वास आत घेतला.